गोलमध्ये कोण उभं राहणार

१८ नोव्हेंबर १९६८, सोमवार

आज माझी जागा गेली. अजून कुणी तसं बोललेलं नाही, पण गेली.

दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला सराव होता. दोन वर्षं कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर मी आहे, आणि यंदा माझं शेवटचं वर्ष. त्यामुळे जरा ऐटीतच गेलो. जगदेवराव सर शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते. त्यांच्या शेजारी एक काटकुळा मुलगा, खाकी हाफपँट आणि कॅनव्हासचे बूट घातलेला. नाव दीनानाथ, यंदाच पहिल्या वर्षाला आलाय. इथे बडोद्यातच प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीत राहतो, वडील डभोईच्या छोट्या गाडीवर गार्ड आहेत. सर मला म्हणाले, जरा बाजूला हो, याला दहा चेंडू घेऊ दे.

आमचा कप्तान पीयूष पटेल याने मारले. पीयूष मारताना दयामाया ठेवत नाही. दहाच्या दहा त्या मुलाच्या हातात गेले. एकदाही त्याने उडी मारली नाही, एकदाही तो पडला नाही. मी गोलपोस्टला टेकून बघत होतो आणि चौथ्या-पाचव्या चेंडूला माझ्या लक्षात आलं की आवाज येत नाहीये. आमच्या हातात चेंडू आला की थाप वाजते, कातडं तळहातावर आपटतं. याच्या हातात चेंडू आला की नुसता थांबतो.

सरांनी वहीत नाव लिहिलं आणि मला म्हणाले, "सदानंद, त्याला मापाची जर्सी बघ."

२६ नोव्हेंबर

नोटिशीच्या फळ्यावर यादी लागली. गोलकीपर: दीनानाथ. राखीव: मी.

घरी सांगितलं. बाबा वीज मंडळात आहेत, त्यांना बदल्या-बढत्यांची सवय. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसेन, हे त्यांच्या ध्यानात नाही. आईने गोड करायचं म्हणून शिरा केला. प्रतिमा, माझी धाकटी बहीण, म्हणाली, "दादा, राखीव म्हणजे तू मॅच फुकटात बघणार ना, तीपण पुढच्या रांगेत?" मी हसलो. रात्री जेवण गेलं नाही.

मत्सर वाटतोय का, असं स्वतःला विचारलं. उत्तर: हो. पण मत्सरात माणसाला दुसऱ्याच्या चुका दिसतात म्हणतात. मला त्याची एकही दिसत नाही, हा खरा त्रास आहे.

८ डिसेंबर, रविवार

आंतरकॉलेज ढालीची पहिली मॅच. आणंदविरुद्ध २-० जिंकलो. पोलो ग्राउंडवर बरी गर्दी होती.

माझ्यामागे दोन काका शेंगदाणे खात बसले होते. आणंदचा फॉरवर्ड मारी आणि चेंडू दीनानाथच्या हातात जाई. काका म्हणत, फॉरवर्ड अगदीच बावळट आहे, सरळ गोलीच्या हातात मारतो. दुसऱ्या हाफपर्यंत दोघांची खात्री झाली की आणंदच्या अकरांतले अकराही बावळट आहेत. दीनानाथसाठी कुणी एक टाळी वाजवली नाही.

मला वळून त्यांना सांगावंसं वाटलं की काका, चेंडू गोलीकडे जात नाहीये, गोली चेंडूच्या आधी तिथे जाऊन उभा राहतोय. सगळं अवघड काम तो चेंडू सुटायच्या आधी, दीड पावलात उरकतो. उरतं ते सोपं असतं, आणि लोक तेवढंच बघतात. मैदानावरच्या हजार माणसांत हे कळणारे बहुधा आम्ही दोघेच, सर आणि मी. मला कळतं, कारण त्या जागी उभं राहून मी पाच-सहा वर्षं उड्या मारल्या आहेत. माझ्या प्रत्येक उडीला टाळी पडली. आज कळलं की प्रत्येक उडी म्हणजे उशीर होता.

२२ डिसेंबर

सुरतवर १-० ने जय. परतताना मी दीनानाथबरोबर सायकली हातात धरून चालत मांडवीपर्यंत आलो. तो मला सदाभाई म्हणतो, अहोजाहो करतो. विचारलं, तू बघतोस काय?

"उभा पाय," तो म्हणाला. "मारणारा पाय खोटं बोलतो, सदाभाई. दुसरा, जो जमिनीवर रोवतात ना, तो नाही बोलत. त्याचं बोट जिकडे, चेंडू तिकडे."

एवढंच. मी इतकी वर्षं चेंडूकडे बघत आलो.

मग घरचं बोलला. वडील मार्चअखेर रिटायर होतात. त्यानंतर क्वार्टर सोडावं लागणार, गावी तर काहीच नाही. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली तर ते त्याच्या नावावर होऊ शकेल. हे त्याने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

५ जानेवारी १९६९, रविवार

राजकोटला २-० हरवलं. फायनलमध्ये आलो. कॉलेज फायनलला पोचण्याची ही पहिलीच वेळ. तीन मॅचेसमध्ये आमच्यावर एकही गोल नाही.

फायनल १९ तारखेला, अहमदाबादशी. मुंबईहून रेल्वेचे क्रीडा अधिकारी दीनानाथला बघायला येणार आहेत. सरांनीच पत्र घातलं होतं. सगळ्यांनी दीनानाथची पाठ थोपटली. मीही. पीयूष मला म्हणाला, "सदा, तारी पण किंमत छे, हं. तू नसतास तर सराव कुणी दिला असता त्याला?" तो चांगल्या मनाने बोलला. त्यावर मी चार तास विचार करत बसलो.

पूर्ण मोसम मी एक मिनिट खेळलेलो नाही. राखीव गोलकीपर आत जातो तो फक्त पहिला जखमी झाला तर. असा नियमच आहे.

१० जानेवारी

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, मंगळवारी आहे. आज सरांनी टीमला ओळीत उभं केलं. सर पूर्वी संस्थानच्या लष्करात होते, हुकूम दिल्यासारखंच बोलतात. एकोणीस तारखेपर्यंत कुणीही मांजाला हात लावायचा नाही. पतंग बघा, उंधियो खा, जिलेबी खा, ऊस खा, हात मात्र खिशात. पंधराला सकाळी सगळ्यांच्या बोटांची तपासणी. बडोद्यात असा हुकूम देणं म्हणजे होळीला रंग लावू नका म्हणण्यासारखं आहे. पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

नंतर दीनानाथ म्हणाला, कॉलनीत तारा फार, तिथे तसेही पतंग नीट चढत नाहीत. मी म्हटलं, मग आमच्याकडे ये ना. दांडिया बाजारात आमच्या गच्चीवरून अर्धं बडोदं दिसतं. नुसतं बघायला ये.

१४ जानेवारी, मंगळवार

हे तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन पानं फाडली.

दीनानाथ तीनच्या सुमाराला आला. आईने तिळगूळ दिला. तो पाण्याच्या टाकीवर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. प्रतिमा हसली, म्हणाली हे काय, अटक झाली की काय तुम्हाला? समोरच्या गच्चीवरच्या एका हिरव्या पतंगाने सकाळपासून आमचे पाच कापले होते. सहावाही जाणार असं दिसलं तेव्हा प्रतिमाने माझ्याकडे दोरी दिली. मी ती दीनानाथपुढे धरली.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, एकच पेच.

त्याने बोटांना पट्टी बांधली नाही, पट्टीने दोरी कळत नाही म्हणाला. फिरकी मी धरली. नंतर जे पाहिलं ते कसं लिहावं कळत नाही. त्याच्या हातात आल्यावर पतंग उडायचा थांबला आणि उभा राहिला, एका जागी, वाऱ्यात खिळा ठोकून टांगल्यासारखा. आजूबाजूच्या गच्च्यांवरचे लोक वळून बघू लागले. हिरव्या पतंगाने झडप घातली, पेच लागला, आणि याने ढील द्यायला सुरुवात केली. फिरकी माझ्या हातांत गुणगुणत फिरत होती. शंभर वार, दोनशे वार. दोरी त्याच्या बोटांतून अशी जात होती जशी हवा जाते. हेच हात रविवारी गोलमध्ये असणार, आणि मुंबईचा माणूस ते बघणार, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात फिरकी थांबली.

तिच्या दांड्या सैल धरायच्या असतात. आवळल्या की फिरकी थांबते, दोरी ताणते, आणि उडवणाऱ्याच्या बोटात शिरते. बडोद्यातल्या पाच वर्षांच्या पोराला हे ठाऊक असतं. मी वर बघत होतो. फिरकी अडकली असणार.

तो ओरडला नाही. त्याने त्या ताणलेल्या दोरीचाच खेच देऊन हिरवा पतंग कापला. चारी बाजूंनी "काप्यो छे!" झालं, थाळ्या वाजल्या. मग त्याने हात खाली घेतला, तेव्हा दोरी वीतभर लाल होती. उजव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट. डॉक्टरांनी सात टाके घातले. पंधरा दिवस हात वापरायचा नाही म्हणाले.

संध्याकाळी प्रतिमा फिरकी फिरवून बघत होती. म्हणाली, "दादा, ही अडकेल कशी? मी सकाळीच तेल घातलं होतं." मी म्हटलं, अडकली. तिने फिरकी माझ्या हातात ठेवली आणि खाली गेली.

१५ जानेवारी

तपासणी. सगळे हात पुढे करून उभे. दीनानाथच्या हाताला पांढरं बँडेज.

सरांनी विचारलं, कुठे? तो म्हणाला, कॉलनीत. सरांनी विचारलं, फिरकी कुणाकडे होती? सर जन्माने बडोद्याचे, त्यांना नेमकं काय विचारायचं ते कळतं.

"जमिनीवर होती, सर. धरायला कुणी नव्हतं."

मी माझे हात पुढे धरून तसाच उभा राहिलो. मी बोलावलं हे बाहेर येऊ नये म्हणून तो बिचारा खोटं बोलला. फिरकीचं त्याला माहीत नाही, त्याची पाठ माझ्याकडे होती.

सरांनी तो हात उलटसुलट करून बघितला. मग, "सदानंद, रविवारी तू. आणि दीनानाथ, नाव राखीवात राहील, पण हात खिशात."

मला आनंद झाला. हे लिहायचं नसेल तर ही वही कशाला ठेवायची? लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली आनंद झाला.

१७ जानेवारी

दोन दिवस दीनानाथ मला शिकवतोय. स्वतः गोलच्या जाळीमागे उभा राहतो, बँडेजचा हात गळ्यात बांधलेला, आणि पीयूष मारायला धावला की मागून हळू म्हणतो: डावा, डावा, आता. आज विसातले चौदा चेंडू उडी न मारता घेतले. त्यातल्या एकाला तर माझ्या हातातून आवाजसुद्धा आला नाही. मी मागे वळलो. तो म्हणाला, "बघितलं? काही नसतं त्याच्यात."

त्याच्यात सगळं असतं. आज मला ते तळहातापाशी कळलं, आणि दुसऱ्या कुणाला कधी इतकं फुकट मिळालं असेल असं वाटत नाही.

त्याने सरांकडे जाऊन खेळू द्या म्हणून विनंती केली. सर नाही म्हणाले. हात आयुष्यभर लागतो, ढाल वर्षभर राहते, असं म्हणाले.

१९ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहायला हवं.

पोलो ग्राउंड भरलं होतं. पहिल्या हाफमध्ये मी गोलमध्ये, दीनानाथ जाळीमागे. अहमदाबादचा सेंटर फॉरवर्ड बैलासारखा. तो धावत आला की मागून दीनानाथचा आवाज येई, आणि मी एक पाऊल सरकून उभा राही, आणि चेंडू माझ्यापाशी येई. पाच वेळा. एकदा कॉर्नरवर मी हुकलो, चेंडू बारला लागून बाहेर गेला. ०-०. बाबा आणि प्रतिमा आले होते. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला अर्धा खेळ, आणि त्यातला माझा भाग किती हे मला ठाऊक होतं.

मध्यंतराला पीयूष पाणी पिता पिता म्हणाला, मुंबईचे साहेब निघतायत. ज्याला बघायला आले तो खेळतच नाही, आणि संध्याकाळची गाडी आहे. मी मंडपाकडे बघितलं. साहेब उभे राहून कोट घालत होते. जाळीमागून दीनानाथही तिकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. भाजीचा भाव सांगताना असतो तसाच चेहरा.

मी सरांकडे गेलो.

"सर, फिरकी माझ्या हातात होती. आमच्या गच्चीवर. मीच बोलावलं, दोरी मीच दिली, आणि ढील चालू असताना दांड्या आवळल्या. का, ते मला सांगता येत नाही."

मला वाटलं, सर थोबाडीत देतील. त्यांनी दीनानाथला हाक मारली. मूठ मिटायला सांगितली. त्याने मिटली, बँडेजवर एक ठिपका उमटला. सर म्हणाले, उघड. त्याने उघडली. सरांनी विचारलं, दुखतंय? तो म्हणाला, हो. विचारलं, खेळायचंय? तो म्हणाला, हो. दोन्ही हो एकाच सुरात.

मग सर माझ्याकडे वळले. "तुला कुठे लागलंय?"

"कुठे नाही, सर."

"लागलंय. गुडघ्याला. रेफरीकडे लंगडत जा आणि सांग."

चाळीस वर्षांत खोटं न बोललेला माणूस म्हणून सरांची ख्याती आहे. मी लंगडत गेलो. सर मंडपात गेले, आणि साहेब कोट न काढता परत बसले.

दुसरा हाफ कसा सांगू? त्याला चेंडू धरता येत नव्हता. त्याने एकही चेंडू धरला नाही. मनगटांनी मारला, कोपराने मारला, छातीवर घेऊन अंगाखाली दाबला, दोनदा पायाने काढला. धरता येत नाही म्हणून प्रत्येक वेळी चेंडू परत मैदानात जाई, पुन्हा येई, आणि तो पुन्हा उडी मारी. हो, उडी. पाऊल सरकवून तिथे आधीच पोचून काय करणार, हातच नाही! एकदा डाव्या खांबापाशी पडला, उठतो न उठतो तोच उजवीकडे आडवा उडून मनगटाने चेंडू बाहेर ढकलला, आणि सगळं मैदान उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माझ्यामागे एक बाई म्हणाल्या, असा गोलकीपर पहिल्यांदाच बघतेय. साहेबही उभे होते.

मी लोकांकडे बघत होतो. पूर्ण मोसम तो देवासारखा खेळला तेव्हा कुणाला दिसलं नाही, आणि आज तो माझ्यासारखा खेळला, म्हणजे उड्या मारून, उशिराने, धडपडत, तर सगळ्यांना दिसलं. फरक एवढाच की मी असा खेळलो असतो तर चार गोल झाले असते. त्याच्यावर एकही झाला नाही. जास्तीच्या वेळातही नाही.

०-०. ढाल दोन्ही कॉलेजांत वाटली, सहा-सहा महिने. नाणेफेक अहमदाबादने जिंकली, त्यामुळे आमच्याकडे जुलैत येईल, मी गेल्यावर. साहेबांनी दीनानाथचं नाव, वर्ग, वडिलांचं नाव लिहून घेतलं. त्याचं पांढरं बँडेज तोवर पांढरं राहिलं नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून सायकलने प्रतापनगरला गेलो. त्याला सांगायचं होतं. आठ दिवस पाय उचलत नव्हता.

क्वार्टरच्या अंगणात त्याचे वडील गार्डचा कोट वाळत घालत होते. त्यांनी सांगितलं, मुंबईहून पत्र आलं, मार्चमध्ये बोलावलंय, नेमणूक जवळपास नक्की. त्याच्या आईने चहा आणि शेव दिली. टाके उसवून पुन्हा घालावे लागले होते. मधलं बोट पूर्ण वळत नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित वळेल, कदाचित नाही. दीनानाथने मला ते वळवून दाखवलं, जेवढं वळतं तेवढं.

मी म्हटलं, दीनानाथ, त्या दिवशी फिरकी अडकली नव्हती.

"माहीत आहे," तो म्हणाला. "दोरीतनं कळतं ना. अडकलेली फिरकी झटका देते. धरलेली असेल तर हळू आवळत येते."

"मग सरांना सांगितलं का नाहीस?"

तो माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिला, अगदी साधी गोष्ट मला का कळत नाही असं.

"सांगितलं असतं तर सरांनी तुम्हाला काढलं असतं. मला तर खेळू देणार नव्हतेच. मग गोलमध्ये कोण उभं राहणार, सदाभाई?"

मी याला काय काय समजत होतो. भिडस्त, दिलदार, बिचारा. पंधरा तारखेला सकाळी, सात टाके ताजे असताना, नोकरी हातची जाताना, तो एवढाच हिशोब करत होता की रविवारी गोल उघडा पडता कामा नये. माफीचा विषयच त्याच्या मनात आला नव्हता. मला माफी मागायची होती, ती कुठे ठेवावी कळेना.

तोवर तो उठला होता. म्हणाला, पहिल्या हाफमध्ये त्या कॉर्नरला तुम्ही कुठे उभे होतात आठवतं? मी म्हटलं, खांबापासून दोन पावलं. तो म्हणाला, तिथेच चूक. घरातून जुना चेंडू आणला, अंगणापलीकडच्या दोन कडुलिंबांमध्ये मला उभं केलं आणि हात पाठीमागे धरून पायाने चेंडू मारू लागला. मी म्हटलं, अरे, मोसम संपला, माझं कॉलेजही संपत आलं. ते त्याला ऐकू गेलं की नाही देव जाणे. त्याचे वडील कोट सोडून बघायला आले.

"परत," तो म्हणत होता. "अजून अर्धं पाऊल. परत."